एका शेतातल्या दोन अन्नसाखळ्या

आपल्याकडे बटाटा उपवासाला चालतो. एकादशी असो की महाशिवरात्र, साबुदाण्याच्या खिचडीत बटाट्याच्या फोडी नसतील तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मी सध्या राहतो त्या मुलखात मात्र एकशे ऐंशी वर्षांपूर्वी लाखो गरीब माणसं बटाट्याशिवाय जवळजवळ दुसरं काही खातच नव्हती. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, रात्री बटाटा, बरोबर जमलं तर ताक. आपल्या भाषेत सांगायचं तर बारा महिने तेरा काळ उपवास! आणि एके वर्षी तो बटाटाच शेतात कुजला.

गावाचं नाव एनिस. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. एनिस हे त्या जिल्ह्याचं मुख्य गाव, सत्तावीस-अठ्ठावीस हजार वस्तीचं. फर्गस नावाची लहानशी नदी गावातून वाकडीतिकडी वाहते. मधल्या चौकात एका उंच खांबावर डॅनियल ओकॉनेलचा पुतळा उभा आहे. १८२८ साली याच गावातून निवडून येऊन त्यानं कॅथलिकांसाठी ब्रिटिश पार्लमेंटचं दार उघडायला लावलं.

गावाबाहेर कुठल्याही रस्त्यानं निघा, दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत आणि त्यात चरणारी धष्टपुष्ट गुरं. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा दोन दिवसांत एकच प्रश्न विचारतो, "अरे, इतकी हिरवी जमीन, इतकं पाणी, मग शेतं कुठे आहेत? पिकं का दिसत नाहीत?" हवा थंड आणि ओली, म्हणून इथे गवत छान येतं, हे अर्धं उत्तर झालं. हवा तर १८४१ सालीही अशीच होती, आणि तेव्हा याच जमिनीवर टेकडीच्या अंगापर्यंत बटाट्याचे वाफे होते. त्या वर्षीच्या जनगणनेत क्लेअरमध्ये २ लाख ८६ हजार माणसं मोजली गेली. दहा वर्षांनी उरली २ लाख १२ हजार. उरलेलं अर्धं उत्तर या दोन आकड्यांमध्ये आहे, आणि ते समजून घ्यायला शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान उघडावं लागतं.

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. ही अन्नसाखळी आपण सगळ्यांनी पाठ केलेली आहे. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १९२७ साली आपल्या पुस्तकात या साखळ्यांची आणि त्यांच्या मनोऱ्याची नीट मांडणी केली. तळाशी पुष्कळ, वर जाल तसतसे थोडे. पण असं का होतं याचा हिशेब मांडला रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन माणसानं. मिनेसोटातल्या एका लहानशा दलदलीच्या तळ्यात त्यानं काही वर्षं शेवाळ, किडे, मासे मोजले आणि सगळ्यांचं रूपांतर एकाच चलनात केलं. ते चलन म्हणजे ऊर्जा. कोण कोणाला खातो यापेक्षा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर किती ऊर्जा पोचते, हे त्यानं विचारलं. त्याचा निबंध १९४२ साली छापून आला, पण तो पाहायला लिंडमन जिवंत नव्हता. काही महिन्यांपूर्वीच, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो आजारपणात गेला होता.

हिशेब ढोबळ मानानं असा. शेतावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला शंभरातला एखादा भाग वनस्पती साठवते. ती वनस्पती खाणाऱ्या प्राण्याच्या अंगी त्यातला साधारण दहावा हिस्सा लागतो. बाकीचा चालण्याफिरण्यात, अंग गरम ठेवण्यात आणि शेणात जातो. त्या प्राण्याला खाणाऱ्याला पुन्हा त्याचा दहावा हिस्सा. हा दहाचा आकडा काही ब्रह्मवाक्य नाही, कुठे पाच तर कुठे वीस भरतो. पण दर पायरीला मोठी गळती होणार, हे ठरलेलं.

आता माझ्यातला इंजिनियर गप्प बसत नाही, म्हणून हा हिशेब क्लेअरच्या एका एकराला लावून पाहू. त्या काळी एकरी सुमारे सहा टन बटाटा निघत असे. एका किलोत साडेसातशे कॅलरी धरल्या तर एकरामागे ४५ लाख कॅलरी झाल्या. ३६५ दिवसांनी भागा. रोजच्या बारा हजारांच्या वर. बेण्याला ठेवलेला आणि सडलेला माल सोडला तरी नवरा, बायको आणि तीन-चार पोरं एवढ्यावर पोट भरून जगतात. त्याच एकरात ओट पेरले तर कोंडा काढून याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा हाती लागते. आणि त्यावर गवत वाढवून गाईगुरं चारली तर? अगदी उदार होऊन वर्षाला शंभर किलो मांस धरलं तरी जेमतेम अडीच लाख कॅलरी. बटाट्याचा अठरावा हिस्सा! दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून आलेल्या या कंदानं आयर्लंडच्या गरिबाला अन्नसाखळीच्या अगदी तळाच्या पायरीवर, सूर्याच्या सगळ्यांत जवळ नेऊन बसवलं होतं. अंगमेहनत करणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खात असे. आकडा मोठा वाटतो, पण चार हजार कॅलरी त्याशिवाय कुठून येणार? इतक्या गरीब जेवणावरही इथली माणसं चांगली धट्टीकट्टी असत, असं त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे.

पण सगळी जमीन बटाट्याखाली नव्हती. गोष्टीचा खरा पेच तिथेच आहे.

जमीन जमीनदाराची. त्याच्याकडून मोठा शेतकरी घेणार, त्याच्याकडून लहान कूळ, आणि शेवटी मजूर. मजुराला एका हंगामापुरता जमिनीचा तुकडा मिळे, त्याचा खंड बहुतेक वेळा अंगमेहनतीनं फिटे. या तुकड्यात बटाटा. उरलेल्या चांगल्या जमिनीत ओट, गहू, बार्ली आणि गुरांसाठी गवत. ते धान्य आणि ती गुरं एनिसजवळच्या क्लेअरकासलच्या धक्क्यावरून, नाहीतर लिमरिक बंदरातून, इंग्लंडकडे जात. त्यातून आलेल्या पैशातून खंड भरला जाई.

म्हणजे एकाच शिवारात दोन अन्नसाखळ्या शेजारी शेजारी नांदत होत्या. पहिली बटाट्याची. बटाटा माणूस खाई, त्याची सालं आणि बारके कंद डुकराला आणि कोंबड्यांना मिळत. डुक्कर वाढलं की घरात न खाता बाजारात विकलं जाई. डुकराला इथे गमतीनं 'खंड भरणारे गृहस्थ' म्हणत. दुसरी साखळी गवताची आणि धान्याची. ती गुरांमधून आणि पोत्यांमधून थेट समुद्रापलीकडच्या जेवणाच्या टेबलापर्यंत जाई. पहिल्या साखळीतला माणूस दुसऱ्या साखळीतली गुरं राखायचा, ओट कापायचा, पोती वाहायचा. त्यातलं खायचा मात्र नाही. आयर्लंडच्या त्या वेळच्या ८१-८२ लाख लोकांपैकी सुमारे ३० लाख जवळजवळ पूर्णपणे या पहिल्या साखळीच्या टोकाला लटकलेले होते.

आणि ही साखळीसुद्धा एकाच कडीची. पश्चिमेकडचे गरीब लोक मुख्यतः 'लंपर' नावाची एकच जात लावत. चवीला पाणचट, पण खडकाळ, दलदलीच्या जमिनीतही भरघोस येणारी. बटाट्याचं बेणं म्हणजे बटाट्याचाच तुकडा, त्यामुळे शेतातलं प्रत्येक झाड शेजारच्या झाडाची हुबेहूब नक्कल. एकाला रोग झाला की सगळ्यांना झालाच.

१८४५ च्या सप्टेंबरात तो आयर्लंडमध्ये आला. आपले बटाटा पिकवणारे शेतकरी त्याला ओळखतात. करपा! पानांवर काळे डाग, खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी, आणि दोन-चार दिवसांत सगळं शेत काळंठिक्कर. खणून पाहावं तर खाली दुर्गंधी सुटलेला चिखल. तेव्हाचे विद्वान गोंधळले होते. कोणी म्हणे जास्त पाऊस प्यायल्यामुळे झाडाला जलोदर झाला, कोणी म्हणे हवेतली वीज. माइल्स बर्कली नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं १८४६ सालीच लिहिलं की पानांवरची बुरशी हा रोगाचा परिणाम नाही, तेच कारण आहे. फार थोड्यांनी ऐकलं. पुढे जर्मन शास्त्रज्ञ द बारी यानं ते सिद्ध केलं आणि त्या जीवाचं फायटोफ्थोरा हे नाव रूढ झालं. अर्थ साधा आहे, वनस्पतीचा नाश करणारा. तो खरी बुरशीही नाही, शेवाळांचा लांबचा नातलग आहे.

लिंडमनच्या नजरेनं पाहिलं तर करपा म्हणजे आणखी एक खाणारा. माणूस आणि डुक्कर जेवायला बसायच्या आधीच तो पंगतीला येऊन ताट रिकामं करून गेला. १८४५ साली त्यानं पिकाचा मोठा भाग नेला, १८४६ साली जवळजवळ सगळं पीक. १८४७ साली करपा कमी होता, पण लोकांनी बेणंच खाऊन टाकलेलं, लागवड किती होणार? १८४८ साली तो पुन्हा आला.

तळाची पायरी मोडली की वरचं सगळं कोसळतं हे सांगायला आकडे आहेत. आयर्लंडमधली डुकरं १८४१ साली सुमारे १४ लाख होती, १८४८ पर्यंत ती सहा लाखांच्याही खाली आली. 'खंड भरणारे गृहस्थ' गेले आणि त्यांच्या मागोमाग खंड भरायची ऐपतही गेली. आता दुसऱ्या साखळीकडे पाहा. गुरं १८४१ साली साधारण साडेअठरा लाख होती, १८४७ साली ती पंचवीस लाखांच्या वर होती. दोन्ही वेळच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या हे धरूनही एवढं स्पष्ट दिसतं की गवताच्या साखळीला या दुष्काळाचा धक्का लागला नाही. करप्याला गवत आवडत नाही. माणसं मरत असताना शेजारच्या कुरणात गुरं वजन धरत होती.

एनिसपासून जवळच क्लेअर अॅबी नावाचा जुना, पडका मठ आहे. त्या परिसरात १८४६ च्या डिसेंबरात सरकारी दुष्काळी कामं बंद होती, कारण तिथल्या एका मुकादमावर कोणीतरी गोळी झाडली होती. कॅप्टन विन हा सरकारी तपासनीस तिथे फिरला आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यानं आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. बर्फ पडत होतं, आणि सलगमच्या शेतांमधून बायका आणि पोरं पसरली होती, भुकेल्या कावळ्यांच्या थव्यासारखी, जमिनीतून कच्चे सलगम उपटून खात. कावळ्यांची ती उपमा विनची, माझी नाही. आपण कठोर माणूस आहोत, पण हे पाहवलं नाही, अशा अर्थाचं त्यानं पुढे लिहिलं. हे सलगम मुख्यतः गुरांसाठी लावले जात. उपाशी माणूस अन्नजाळ्यात कुठे कुठे तोंड घालतो याची ही सरकारी नोंद. समुद्रकाठी लोक खडकांना चिकटलेले शिंपले खरवडून खात होते, समुद्री शेवाळ उकळत होते, रानात खाजकुयलीसारखी आग करणारी पानं खुडत होते.

'बेट आहे, मग मासे का नाही खाल्ले?' असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पश्चिम किनाऱ्यावरचा अटलांटिक म्हणजे कोकणातला श्रावणातला समुद्र बारा महिने. त्यात कातडं किंवा कापड ताणून केलेल्या हलक्या होड्या. भुकेच्या पहिल्या वर्षी अनेक कोळ्यांनी पीठ विकत घ्यायला जाळी गहाण टाकली. शिवाय वल्ही मारायलाही पोटात ऊर्जा लागते.

हाच ऊर्जेचा हिशेब सरकारी मदतीत उलटा लागला होता. फुकट धान्य दिलं तर लोक आळशी होतील, म्हणून काम द्यायचं, आणि काम म्हणजे खडी फोडणं आणि रस्ते बांधणं. १८४७ च्या मार्चमध्ये आयर्लंडभर सात लाखांच्या वर माणसं अशा कामावर होती. दिवसभर थंडीत दगड फोडायला लागणाऱ्या कॅलरी एका बाजूला आणि मिळालेल्या मजुरीत, धान्याचे भाव कडाडलेले असताना, येणाऱ्या कॅलरी दुसऱ्या बाजूला. खर्च जमेपेक्षा जास्त. कुठल्याही यंत्राला असं चालवलं तर ते थांबणार. माणसंही थांबली. त्या काळचे काही रस्ते या भागात अजून दाखवतात. कुठे जाण्यासाठी ते बांधले होते हे सांगणं कठीण असतं.

अमेरिकेतून मका आणला गेला. तो दळायला चांगल्या गिरण्या नव्हत्या आणि शिजवायचा कसा हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला पोटं बिघडली. शिवाय बटाट्यातून मिळणारं क जीवनसत्त्व मक्यात नाही. ज्या देशात हिरड्यांतून रक्त येण्याचा स्कर्व्ही रोग क्वचितच दिसे, तिथे तो पसरला. नुसती ऊर्जा म्हणजे अन्न नव्हे, हेही त्या वर्षी दिसलं. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारनं शेवटी सूप वाटायला सुरुवात केली. जुलैमध्ये रोज सुमारे ३० लाख माणसांना शिजवलेलं अन्न मिळत होतं. सूप पातळ होतं, पण या सगळ्या उपायांत त्यानंच सगळ्यांत जास्त जीव वाचवले. काही महिन्यांत ते बंद करण्यात आलं.

मग राहिलं वर्कहाऊस. एनिसचं वर्कहाऊस १८४१ साली उघडलं तेव्हा आठशे माणसांसाठी बांधलेलं होतं. दुष्काळात अशा इमारतींत माणसं कोंबली गेली आणि ज्यांना भुकेनं सोडलं त्यांना तापानं गाठलं. इथून जवळ एनिस्टायमन नावाचं गाव आहे, तिथे १९९५ साली एक स्मारक उभं केलं. वर्कहाऊसच्या बंद दारासमोर एक लहान पोर उभं आहे. १८४८ च्या फेब्रुवारीत चार वर्षांचं एक अनाथ मूल अंगरख्याला चिठ्ठी टाचून तिथल्या दाराशी सोडलं होतं, अशी वर्कहाऊसच्या कागदपत्रांत नोंद आहे. त्यावरून ते केलं.

पण क्लेअरमध्ये शेतांची जागा कुरणांनी घेतली ती केवळ करप्यामुळे नव्हे. १८४७ च्या जूनमध्ये पार्लमेंटनं गरिबांच्या कायद्यात एक कलम घातलं. पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. मदत हवी तर जमीन सोडा. हे कलम सुचवणारे विल्यम ग्रेगरी एनिसहून गॉलवेकडे जाताना लागणाऱ्या गॉर्ट गावाजवळचे जमीनदार. पुढे ते सिलोनचे गव्हर्नर झाले. जी कुळं खंड भरू शकत नव्हती त्यांना हुसकावलं गेलं आणि त्यांनी परत येऊ नये म्हणून घरांची छपरं पाडली गेली. क्लेअरच्या पश्चिमेला किलरश नावाचा विभाग आहे. दुष्काळाआधी वस्ती ८२ हजारांच्या आसपास. १८४७ ते १८५० या काळात तिथे पंधरा ते वीस हजार माणसं घराबाहेर काढली गेली. हे आपल्याला इतकं नक्की माहीत आहे कारण कॅप्टन आर्थर केनेडी हा तिथला सरकारी निरीक्षक प्रत्येक पाडलेल्या घराचा हिशेब वरच्यांना कळवत राहिला, आणि ते अहवाल छापले गेले. पुढे हाच केनेडी हाँगकाँगचा गव्हर्नर झाला.

रिकाम्या झालेल्या जमिनीवर गवत उगवलं. एका एकरावर एक कुटुंब बटाटा खाऊन जगत होतं, तिथे आता गुरं चरू लागली. ऊर्जेच्या हिशेबात जमीन एक पायरी वर चढली आणि तिच्यातून निघणारं अन्न अठराव्या हिश्शावर आलं. जमीनदाराचा मात्र तोटा झाला नाही. गुरांना मजूर लागत नाहीत, करपा होत नाही आणि इंग्लंडच्या कारखानदार शहरांत मांसाला चढता भाव होता. आयर्लंडची लोकसंख्या १९११ पर्यंत ४४ लाखांवर उतरली, गुरं ४७ लाखांवर गेली. माणसांपेक्षा गुरं जास्त! १९०७-०८ च्या सुमारास क्लेअरसह अनेक जिल्ह्यांत भूमिहीन शेतकरी रात्री मोठ्या कुरणांची फाटकं उघडून गुरं मैलोन् मैल हाकलून देत. गुरांवर त्यांचा राग नव्हता. ती ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांना हवी होती.

गाईवर सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. एनिसच्या उत्तरेला बरेन नावाचा चुनखडीचा उघडा प्रदेश आहे. मैलोन् मैल राखाडी खडक, त्याच्या भेगांत गवत. इथे बटाटा सोडा, काहीच पेरता येत नाही. इथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या जगाच्या उलटं करतात. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, हे हिवाळ्यात नेतात. खडक कोरडा राहतो आणि ऊब धरून ठेवतो. गुरं वाळकं गवत खाऊन टाकतात आणि वसंतात त्या मोकळ्या जागेत निळी जेन्शियन आणि ऑर्किडची फुलं येतात. माणसाला जे पचत नाही ते गाय दुधात बदलते, तेव्हा ती आपल्या पायरीवर बरोबर उभी असते. माणसाच्या तोंडची जमीन घेऊन तिला दिली, तेव्हा हिशेब बिघडतो. आणि जमीन कोणाला द्यायची हे गाय ठरवत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलं. दुष्काळात देशात अन्न नसतं असं नाही, माणसाचा त्या अन्नावर हक्क नसतो. १८४७ साली आयर्लंडमध्ये बाहेर गेलेल्या धान्यापेक्षा आत आलेलं धान्य जास्त होतं, हेही खरं आहे. पण ते विकत घ्यायला पैसा हवा होता, आणि तो पहिल्या साखळीच्या माणसाकडे कधीच नव्हता.

या गोष्टीतून एक वाट सरळ आपल्याकडे येते. आयर्लंडच्या मदतीची तिजोरी लंडनमध्ये चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या हाती होती. त्यांनी आपली नोकरी हिंदुस्थानात कंपनी सरकारात सुरू केली होती आणि आयर्लंडनंतर ते मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. बाजारात हात घालायचा नाही आणि मदत स्वस्त पडता कामा नये, हा विचार त्यांच्या खात्यानं तिथे राबवला. तीस वर्षांनी, १८७६-७८ च्या दुष्काळात, तोच विचार दख्खनमध्ये आला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७४ साली बिहारमध्ये भरपूर तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी त्यांनी हात आखडला. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड ज्वारी म्हणजे साडेचारशे ग्रॅम, म्हणजे दीड हजारांच्या आसपास कॅलरी. खडी फोडणाऱ्याला याच्या दुप्पट तरी लागतात. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हा हिशेब तेव्हाच मांडून विरोध केला. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून दिली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवत राहिली. क्लेअरमधल्या दगडांवर जे गणित चुकलं होतं तेच सोलापूर-विजापुराकडे पुन्हा मांडलं गेलं.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या घरांतून अजून निघतात. लाल मिलो ज्वारी, सुकडी, नालाबंडिंग आणि खडीची कामं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, पण १८७७ सारखी गावं ओस पडली नाहीत. काम होतंच, पण या वेळी मजुरीतून पोटाला मिळत होतं, आणि गुरांसाठीही छावण्या होत्या. वि. स. पागे यांची रोजगार हमी पुढे १९७७ साली कायदा म्हणून मंजूर झाली. माणसाला अन्नसाखळीला बांधणारा आणखी एक धागा, यापेक्षा वेगळं ते काय आहे?

आपल्या ज्वारीच्या शेताकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहतो. एकच ताट. कणसातले दाणे माणसाला, कडबा बैलाला आणि म्हशीला, सांडलेलं पाखरांना, शेण परत शेताला. माणूस आणि जनावर एकमेकांच्या तोंडचं काढून न घेता एकाच पिकावर जगतात, कारण माणसाला कडबा पचत नाही. शेताच्या कडेला चार ओळी तुरीच्या, थोडी अंबाडी, थोडी मटकी. एक बुडालं तर दुसरं आहे. क्लेअरच्या मजुराकडे नेमकं हेच नव्हतं. गेल्या काही दशकांत आपल्याकडचं ज्वारीचं क्षेत्र खूप घटलं. सोयाबीन आलं, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ऊस वाढला, त्यातला काही आता इथेनॉल होऊन गाडीच्या टाकीत जातो. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर त्याला नाव ठेवणारा मी कोण? तोही खंड नाही तरी कर्जाचा हप्ता भरतोच आहे. पण ते पीक थेट त्याच्या ताटात येत नाही, मधे बाजार असतो, आणि कडबा तर त्यात नसतोच. भाव पडला किंवा रोग पडला त्या वर्षी त्याच्या घरात आणि गोठ्यात दुसरा कुठला धागा शिल्लक आहे, एवढं विचारून ठेवायला हरकत नाही.

क्लेअरची लोकसंख्या १९६० च्या दशकात ७४ हजारांच्या खाली गेली होती. मग शॅननचा विमानतळ आणि औद्योगिक वसाहत वाढली, माझ्यासारखे परदेशी लोकही येऊन राहिले. २०२२ च्या जनगणनेत ती १ लाख २८ हजारांच्या जवळ पोचली. म्हणजे १८४१ च्या निम्मीसुद्धा नाही. आणि पाहुण्यांना दिसणारं ते हिरवं गवत अजून तिथेच आहे.